मुलाखतीनंतरचा पाठपुरावा

घरातील मुलगा अथवा मुलगी नोकरीची मुलाखत देऊन परत आली, म्हणजे पहिला तासभर घरात मोठ्या उत्साहाचा जातो. समोर किती जण बसले होते, काय काय विचारले, पगाराचे बोलणे निघाले की नाही, ह्या सर्वांची चौकशी दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत होते. सर्वांच्या शेवटी आजोबा विचारतात, “मग निघताना काय म्हणाले?” आणि ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेलेच असते: “कळवू म्हणाले.”

ह्या दोन शब्दांनंतर जो काळ सुरू होतो, त्याविषयी आज आम्ही लिहिणार आहो. मुलाखतीस जाताना पोशाख कसा असावा, बोलावे किती, ऐकावे किती, ह्यांवर पुस्तके निघाली आहेत, वर्ग चालतात, व्याख्याने होतात. परंतु मुलाखतीच्या खोलीचे दार पाठीमागे लागले म्हणजे उमेदवाराचे कर्तव्य संपले, पुढचे सारे दैवाधीन, अशी पुष्कळांची समजूत दिसते. ती समजूत बरोबर नाही. इतकेच नव्हे, तर ह्या काळात उमेदवारापेक्षा त्याच्या घरच्या मंडळींच्याच हातून अधिक चुका होतात, असे आम्ही स्वानुभवाने म्हणू शकतो.

पूर्वी ही प्रतीक्षा पोस्टमनच्या पावलांशी बांधलेली असे. तो ठरल्या वेळी येई, आणि आपल्या दारावरून पुढे निघून गेला म्हणजे निदान उद्यापर्यंत तरी जिवास स्वस्थता मिळे. ज्या रजिस्टर टपालाच्या लखोट्याकडे घरोघर डोळे लागलेले असत, ती निराळी सेवादेखील १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली. आता निकाल येतो तो मोबाईलवर, आणि तो कोणत्याही क्षणी येऊ शकतो. त्यामुळे उमेदवार जेवताना, झोपताना, इतकेच काय, पूजेस बसतानादेखील ते यंत्र जवळ ठेवतो, आणि त्याचा पडदा उजळला की साऱ्या घराच्या माना तिकडे वळतात.

अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, “आपण होऊन विचारणे ही लाचारी आहे. त्यांना गरज असेल तर तेच बोलावतील.” दुसरा म्हणतो, “रडल्यावाचून आईदेखील दूध पाजत नाही. जाऊन बस त्यांच्या दारात.” पहिल्या पक्षाचे ऐकावे तर भिडस्तपणाने हातची संधी जाते, आणि भीड ही भिकेची बहीण म्हणतातच. दुसऱ्याचे ऐकावे तर चार दिवसांत सहा वेळा दूरध्वनी करून उमेदवार स्वतःची किंमत स्वतःच उतरवितो. ह्या दोहोंच्या मधली वाट कोणती, हे ठरविण्यापूर्वी एका शब्दाचा विचार करणे अवश्य आहे.

तो शब्द म्हणजे पाठपुरावा. हल्ली आपण तो एखाद्या कामाचा पिच्छा न सोडणे ह्या अर्थी वापरतो. परंतु जुन्या मराठीत पाठपुरावा करणे म्हणजे एखाद्याच्या पाठीशी उभे राहणे, त्यास साहाय्य देणे, असा अर्थ होता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, आणि मुलाखतीनंतरच्या काळात दोन्ही पाठपुरावे लागतात. पैकी नव्या अर्थाचा पाठपुरावा उमेदवाराने करावयाचा आणि जुन्या अर्थाचा त्याच्या घराने. घोटाळा होतो तो ह्या दोहोंची अदलाबदल झाली म्हणजे. तशी अदलाबदल आमच्या हातून एकदा झाली आहे, आणि ती येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या वाणिज्य शाखेची पदवी घेऊन खर्चाच्या हिशेबाची वरची परीक्षा उत्तीर्ण झाली होती. शहराबाहेरील एका मोठ्या कारखान्याच्या हिशेब खात्यात जागा निघाली. तिने अर्ज केला व मुलाखत दिली. “दहा दिवसांत कळवू,” असे तिला सांगण्यात आले. पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवसापासून आमच्या मातोश्री रोज दिवेलागणीस विचारू लागल्या, “आले का ग काही?” सातव्या दिवशी बंधू अबोल झाले. आठव्या दिवशी वहिनींनी आमच्याजवळ हळूच विषय काढला. त्या कारखान्यात एक मोठे अधिकारी आमचे महाविद्यालयातील सहाध्यायी होते, हे घरात सर्वांस ठाऊक होते. आम्ही मुलीस न विचारता, न सांगता, त्यांना दूरध्वनी केला. त्यांनी जुन्या दिवसांच्या चार गोष्टी केल्या, “पाहतो” म्हणाले, आणि आपण कुटुंबाचे एक कर्तव्य पार पाडले अशा समाधानाने आम्ही त्या रात्री झोपलो.

तिसऱ्या दिवशी त्या कारखान्यातून मुलीस विचारणा झाली. ती निवडीची नव्हती. “तुमच्याविषयी वरून चौकशी आली आहे. निकालाची तारीख तुम्हाला सांगितली होती ना?” एवढेच शब्द होते, व तेही सभ्यपणाने उच्चारलेले. तिने ते आम्हांस जसेच्या तसे सांगितले आणि म्हणाली, “काका, तुम्ही मला एकदा विचारायचे होते. आता ती जागा मला मिळाली, तरी ती माझी आहे असे मला वाटणार नाही.”

जागा दुसऱ्या कोणास मिळाली. आमच्या दूरध्वनीमुळे निवड फिसकटली, की ती मुळात व्हावयाचीच नव्हती, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. आणि त्या अधिकाऱ्यांस ते विचारण्याचा अधिकार आम्ही स्वतःच गमावून बसलो होतो. ह्याहून अधिक लागलेली गोष्ट पुढेच आहे. त्या प्रकरणानंतर काही दिवसांनी तिने आम्हांस एक पत्र दाखविले. मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी तिने ते त्या कारखान्याच्या हिशेब प्रमुखांस ई-मेलने पाठविले होते. म्हणजे करावयाचा तो पाठपुरावा तिने केव्हाच, आणि आमच्याहून शतपट चांगला, केला होता. घरातल्या कोणीही तिला, “तू काही लिहिलेस का?” एवढे साधे विचारले नव्हते.

ते पत्र तिच्या अनुमतीने येथे देतो. मूळ इंग्रजीत होते, त्याचा भावार्थ असा:

“काल आपण मला मुलाखतीसाठी वेळ दिलात, ह्याबद्दल मी आभारी आहे. कारखान्यातील विजेचा खर्च निरनिराळ्या विभागांवर कसा वाटावा, ह्या आपल्या प्रश्नास मी ‘जागेच्या प्रमाणात’ असे उत्तर दिले होते. घरी आल्यावर विचार करता ते मला अपुरे वाटले. भाड्याच्या बाबतीत जागेचे प्रमाण योग्य होईल. परंतु यंत्रांच्या विजेचा खर्च, जेथे स्वतंत्र मीटर असेल तेथे मीटरप्रमाणे, आणि नसेल तेथे यंत्रांची अश्वशक्ती व ती चालल्याचे तास ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाटणे अधिक न्याय्य ठरेल. आपण वर्णन केलेले काम करण्याची माझी इच्छा मुलाखतीनंतर अधिक दृढ झाली आहे. आणखी काही कागदपत्रे हवी असल्यास कळवावे.”

वाचकांनी ह्या पत्रात काय आहे आणि काय नाही, हे नीट पाहावे. आभार आहेत, पण ते एका वाक्यात. स्वतःची स्तुती नाही, घरच्या अडचणींचे रडगाणे नाही, “माझी निवड करावी” अशी विनवणीही नाही. मुलाखतीत राहून गेलेली एक गोष्ट पुरी केली आहे, आणि ती करताना आपली चूक मोकळेपणाने कबूल केली आहे. जो मनुष्य हिशेब खात्याचा प्रमुख आहे, त्यास आपली चूक आपण होऊन शोधणारा व ती दुरुस्त करणारा साहाय्यक किती मोलाचा वाटेल, हे सांगावयास नकोच. मुलाखतीनंतर एका दिवसाच्या आत असे छोटे पत्र पाठविण्याची रीत अमेरिकेत चांगली रुळलेली आहे. आपल्याकडे ती अद्याप सर्वत्र रूढ नाही, म्हणूनच असे पत्र नजरेत भरते. मात्र बाजारात मिळणारे छापील नमुने उतरवून काढलेले आभारपत्र पाठवू नये. ते कोणास उद्देशून लिहिले आहे हे त्याचे त्यासच ठाऊक नसते.

आता “कळवू” म्हणणाऱ्या कचेरीच्या आत काय चाललेले असते, तेही पाहणे इष्ट आहे. कारण बाहेरच्यास जे मौन वाटते, ते आतल्यांच्या दृष्टीने नुसते काम असते. मुलाखती एकाच दिवशी संपत नाहीत. काही उमेदवार पुढच्या आठवड्यात यावयाचे असतात. मग मुलाखत घेणाऱ्यांची मते जुळावी लागतात, पगाराच्या आकड्यास वरून मंजुरी घ्यावी लागते, पूर्वीच्या नोकरीच्या ठिकाणी चौकशी होते. ह्याशिवाय एक गोष्ट उमेदवारांच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्याची प्रथम निवड होते तो बहुधा कोठे तरी नोकरीत असतो, आणि त्यास पूर्वसूचनेची एक ते तीन महिन्यांची मुदत भरून यावयाचे असते. त्या अवधीत त्याचा जुना मालक त्याचा पगार वाढवितो, अथवा तिसराच कोणी त्यास घेऊन जातो, आणि तो ऐन वेळी येत नाही. हे धोके ठाऊक असल्यामुळे कचेरी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास ना होकार देते, ना नकार. म्हणजे मौन हा नेहमी नकारच असतो असे नाही. कित्येकदा ते दुसऱ्या क्रमांकाचे चिन्ह असते.

हे ध्यानी घेतले म्हणजे पाठपुराव्याची रीत आपोआप ठरते. तिचा आरंभ मुलाखतीच्या खोलीतच व्हावा. “आपणांस काही विचारावयाचे आहे काय?” असे शेवटी विचारले जाते, तेव्हा नम्रपणे दोन गोष्टी विचारून घ्याव्या: निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल, आणि तोपर्यंत न कळल्यास कोणाकडे चौकशी करावी. ही दोन उत्तरे ज्याच्या गाठी आहेत, त्यास पुढे घरी बसून तर्क लढवावे लागत नाहीत. बाहेर पडल्यावर त्याच दिवशी, आठवण ताजी आहे तोवर, विचारलेले प्रश्न व दिलेली उत्तरे वहीत टिपून ठेवावी. दुसऱ्या फेरीस बोलावणे आले तर ही वही उपयोगी पडते, न आले तर पुढच्या मुलाखतीस उपयोगी पडते.

दुसरी पायरी वर सांगितलेल्या पत्राची. ज्यांनी मुलाखत घेतली त्यांचा पत्ता ठाऊक असल्यास त्यांस, नसल्यास ज्या मनुष्यबळ विभागाकडून बोलावणे आले त्यामार्फत ते पाठवावे. त्यानंतर सांगितलेली तारीख उलटेपर्यंत स्वस्थ बसावे. तारीख उलटून तीन-चार कामाचे दिवस गेले, म्हणजे एकच चौकशी करावी. तीत मुलाखतीची तारीख, जागेचे नाव आणि एक सरळ प्रश्न असावा. “आपण मला विसरलात की काय” असा सूर चुकूनही असू नये. ह्या मधल्या काळात आपल्या बाबतीत काही नवे घडले असेल, एखादी परीक्षा उत्तीर्ण झाली असेल, हातातील काम पुरे झाले असेल, तर ते त्यात एका ओळीने कळवावे. त्या चौकशीसही उत्तर न आल्यास दहा-पंधरा दिवसांनी आणखी एक, आणि ती शेवटची. त्यापुढे लिहिणे म्हणजे अति तेथे माती.

मुलाखत घेणाऱ्याच्या खासगी क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅपने संदेश धाडणे, त्यावर निळ्या खुणा उमटल्या की नाहीत हे घटकेघटकेस पाहत बसणे, हे सर्वस्वी वर्ज्य समजावे. लिंक्डइनवर ओळख वाढविण्यास हरकत नाही, परंतु तेथे निकाल विचारू नये. आणि दुसरीकडे नेमणूक मिळून आपण ती पत्करली, तर ज्या ज्या ठिकाणी आपले नाव विचाराधीन आहे तेथे तसे त्वरित कळवावे. आपणांस उत्तर न देणाऱ्यांवर आपण रागावतो. मग आपणही कोणास ताटकळत ठेवू नये. मात्र हातची नोकरी सोडावयाची ती लेखी नेमणूकपत्र हाती पडल्यावरच. तोंडच्या आश्वासनावर राजीनामा देऊ नये, हे सांगणे ज्येष्ठांचे कर्तव्यच आहे.

नकार आल्यावर काय करावे, ह्याचा विचार तर कोणीच करीत नाही. आमच्या पुतणीची पुढील हकिगत ह्या बाबतीत सांगण्याजोगी आहे. त्यानंतर चार महिन्यांनी तिने दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत दिली, पूर्वीप्रमाणेच दुसऱ्या दिवशी पत्र लिहिले, आणि तेथून नकार आला. तिने त्या नकारास उत्तर लिहिले: कळविल्याबद्दल आभार, कोणत्या विषयात तयारी कमी पडली हे सांगता आल्यास उपकार होतील, आणि पुढे अशी जागा निघाल्यास माझा विचार व्हावा. आम्हांस ते वाचून अंमळ आश्चर्यच वाटले होते; नकारास कसले आभार, असे मनात आले. अडीच महिन्यांनी त्याच कंपनीने तिला बोलावून घेतले, कारण ज्याची निवड झाली होती तो आलाच नव्हता. ती आजही तेथे आहे. प्रत्येक नकाराच्या पोटी असा होकार दडलेला असतो, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक नकार नकारच राहतात. परंतु जे दार आपण सौजन्याने लोटून घेतले, ते पुन्हा उघडण्याचा संभव राहतो.

ज्याच्या अंगी गुण आहे त्यास ह्या खटाटोपाची गरज काय, असे कोणी म्हणेल. त्याने गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन ह्यांचे चरित्र आठवावे. १९१० च्या अखेरीस रामानुजन हे आपल्या वह्या घेऊन नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव ह्यांस भेटले. राव स्वतः गणिताचे जाणते होते, तरी पहिल्या भेटीत त्यांस त्या वह्यांचा उलगडा झाला नाही. स्नेह्यांच्या साहाय्याने रामानुजन पुन्हा भेटले. मुंबईचे प्राध्यापक सल्डाना ह्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार त्यांनी पुढे केला, मग सोप्या सिद्धान्तांपासून आरंभ करून पायरीपायरीने रावांस आपल्या नव्या शोधांपर्यंत नेले. अखेर राव ह्यांची खात्री पटली व त्यांनी दरमहा २५ रुपयांचे साहाय्य सुरू केले. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी रामानुजन ह्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनीसाठी अर्ज केला, आणि १ मार्चपासून ३० रुपये पगारावर ते रुजू झाले. पुढे १६ जानेवारी १९१३ चे त्यांचे हार्डी ह्यांस लिहिलेले पत्र तर जगप्रसिद्धच आहे. त्यापूर्वी केंब्रिजच्याच दोघा गणितज्ञांकडून काही निष्पन्न झाले नव्हते. हार्डींचे ८ फेब्रुवारीचे उत्तर आले, तेव्हा रामानुजन ह्यांनी त्याच महिन्याच्या २७ तारखेस दुसरे पत्र लिहिले, आणि तेही नव्या सिद्धान्तांसह.

ह्या हकिगतीत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. प्रत्येक वेळी दार दुसऱ्यांदा ठोठावताना त्यांच्या हाती काही तरी नवे होते. आणि स्नेही मंडळींनी त्यांचा पाठपुरावा जुन्या अर्थाने केला. त्यांनी दार दाखविले, धीर दिला, परंतु वही उघडून समजावून सांगितली ती रामानुजन ह्यांनी स्वतःच.

सरकारी नोकरीची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे, आणि तेथे खासगी कंपनीचे नियम लावल्यास अनर्थ होईल. सरकारी जाहिरातींत बहुधा स्पष्टच लिहिलेले असते, की कोणत्याही प्रकारे वजन आणण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल. म्हणून तेथे मंडळाच्या सदस्यांस आभाराचे पत्र लिहिणेही टाळावे. केंद्र सरकारने तर ब गटातील अराजपत्रित व त्याखालच्या पदांसाठी मुलाखतीच १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. वरच्या पदांसाठी त्या चालू आहेत. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. येथे पाठपुरावा म्हणजे आयोगाच्या संकेतस्थळावरील सूचना वाचणे, मूळ कागदपत्रे तयार ठेवणे, आणि यादी लागल्यावर तीतील आपले स्थान समजून घेणे. यादीत नाव आले म्हणजे नेमणूक हक्काचीच झाली, ही समजूतही चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली शंकरसन दाश ह्यांच्या खटल्यात सांगितले, की निवड यादीतील नावाने नेमणुकीचा अढळ हक्क उत्पन्न होत नाही. मात्र सरकारने जागा रिकाम्या ठेवताना मनमानी करू नये. ज्यास काही विचारावयाचे आहे, त्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा राजमार्ग मोकळा आहे. १० रुपये शुल्क भरून अर्ज केला, म्हणजे सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत्येक कागद मिळेलच असे नाही. परंतु कोणाच्या ओळखीवाचून, ताठ मानेने प्रश्न विचारण्याचा हा मार्ग आहे. खासगी कंपन्यांस तो लागू नाही.

आणखी एका धोक्याची सूचना देणे प्राप्त आहे. वाट पाहून थकलेल्या उमेदवारास गाठणारे ठक हल्ली फार झाले आहेत. “आपली निवड झाली आहे, कागदपत्रांच्या तपासणीसाठी अथवा अनामत म्हणून इतकी रक्कम भरा,” असा निरोप येतो. वर नामांकित कंपनीचे बोधचिन्हही छापलेले असते. घरात आनंदीआनंद होतो, आणि त्या आनंदाच्या भरात पैसे जातात. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणारा तो मालक नव्हे, हे पक्के समजावे. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

आता घराने काय करावे, हा मूळ प्रश्न उरला. आमचे मत असे, की मुलाखतीहून आलेल्यास निकालाविषयी घरातील एकानेच, आणि तेही त्याने सांगितलेल्या तारखेनंतरच, विचारावे. नऊ माणसांच्या घरात प्रत्येकाने रोज एकदा विचारले, तर त्या मुलाने दहा दिवसांत ऐंशी वेळा “अजून नाही” म्हणावयाचे, हा हिशेब प्रश्न विचारणाऱ्यांनी कधी केलेला नसतो. शेजारच्या मुलास किती दिवसांत बोलावणे आले, ही गोष्ट त्याच्या कानी घालू नये. तो पुढचे अर्ज करीत राहील इतके स्वास्थ्य त्यास द्यावे. त्याने आपले पत्र वाचावयास दिले तर वाचून दोष सांगावे. न दिले तर मागू नये.

आणि ओळखींचे काय? ओळख असणे हा काही अपराध नव्हे. कित्येक कंपन्या आपल्या नोकरांस चांगली माणसे सुचविण्यास सांगतात, अर्जात जाणत्या व्यक्तींची नावेही मागतात. उमेदवारास ठाऊक असून, उघडपणे, आणि निवडीचा विचार सुरू होण्यापूर्वी कोणी दोन खरे शब्द सांगितले, तर त्यास शिफारस म्हणावे. उमेदवारास अंधारात ठेवून, निर्णय तोंडावर आला असता, भिडेचा भार टाकला, तर तो वशिला होय. पहिल्याने उमेदवाराचे नाव पुढे जाते. दुसऱ्याने ते खाली जाते, आणि जरी जागा मिळाली, तरी ती आपल्या गुणांनी मिळाली हे समाधान त्याच्यापासून कायमचे हिरावले जाते. वडील मंडळींनी आपल्या ओळखी मुलांस सांगून ठेवाव्या. त्यांचा उपयोग करावयाचा की नाही, हे मुलांनी ठरवावे.

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मुलाखत देऊन आला. “कळवू म्हणाले,” हे शब्द पुन्हा घरात उच्चारले गेले. पाच-सहा दिवस गेल्यावर आमच्या मातोश्रींनी आम्हांस बाजूस बोलावून विचारले, “अरे, तिथे तुझ्या ओळखीचे कुणी आहे ना?” आम्ही म्हणालो, “आहे. त्याला ते ठाऊक आहे. लागलेच तर तो सांगेल.” मातोश्रींस हे उत्तर फारसे रुचले नाही. आतल्या खोलीत त्याची थोरली बहीण, जिची हकिगत वर आली आहे, त्याच्या पत्राचा मसुदा वाचीत होती, आणि “हे तिसरे वाक्य काढून टाक, ते विनवणीसारखे वाटते,” असे त्यास सांगत होती. आम्ही दाराशी क्षणभर थांबलो, आणि आत न जाता परत फिरलो.